आईच्या डोळ्यातला पांढरा थर

होटगीच्या घराला आई चुना लावत होती. मान वर करून कुंचला फिरवताना चुना डाव्या डोळ्यात पडला. अण्णा, माझे वडील, रेल्वेतून निवृत्त होऊन घरीच असत. त्यांनी तिला नळाखाली धरून बराच वेळ डोळा धुतला. मी जवळच सोलापुरात राहते. त्याच दिवशी तिला इथल्या डॉक्टरांकडे नेलं. बुबुळावरची कातडी भाजली होती. सूज उतरावी म्हणून त्यांनी स्टेरॉइडचे थेंब दिले.

ते थेंब अण्णाच टाकायचे. आयुष्य रुळांवर गेलेला माणूस. वेळ ओळखायची ती गाड्यांवरून. पॅसेंजर गेली की साबणानं हात धुऊन आईच्या उशाशी बसायचे. "वर बघ. हलू नगंस." एकही वेळ त्यांनी चुकवली नाही. लाली कमी झाली तेव्हा फोनवर त्यांचा आवाज किती मोकळा वाटला होता.

पण जखम काही भरेना. पुढं बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला, आणि तो पसरत गेला. आई म्हणाली, "चुनाच राहिलाय गं आत. तुझ्या वडलांनी धुतला, पर राहिला."

मी दोघांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी यंत्रातून डोळा पाहिला, मग थेंबांची बाटली हातात घेऊन वाचली.

"काका, यात फॉस्फेट आहे. वरची कातडी शाबूत असली तर सहसा त्रास होत नाही. यांची जखम उघडी राहिली होती. अशा वेळी ते अश्रूंतल्या कॅल्शियमला धरून बसतं आणि खडूसारखा थर जमतो. क्वचित होतं असं, पण होतं."

"म्हंजी मी टाकलं म्हणून?"

"तुम्ही सांगितल्याप्रमाणं टाकलंत. औषध बदलू या. फॉस्फेट नसलेलं मिळतं."

अण्णांनी मान हलवली, पण ते ऐकत नव्हते. परतताना गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्यांनी तसाच राहू दिला.

जखम भरल्यावर डॉक्टरबाईंनी तो थर खरवडून काढला. बराचसा निघाला. खाली मात्र डाग राहिला. आईला त्या डोळ्यानं उजेड कळतो, समोर कुणी उभं आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. सुईत दोरा ओवायला ती आता शेजारणीला हाक मारते.

औषध बदललं त्या दिवशी नवी बाटली घरी आणली, तेव्हा अण्णांनी ती माझ्या हातात दिली. "तू टाक. न्हायतर नर्सबाईला बोलव. मला न्हाय जमायचं."

आई पलंगावर आडवी झाली होती. "तुमीच टाका," ती म्हणाली. "दुसऱ्याचा हात लागला की मी डोळा मिटते."

अण्णा हात धुवायला मोरीत गेले. नळ कितीतरी वेळ वाहत होता.