खंडेनवमीला कॅन्सरची सुट्टी

मॅडमनी इनक्युबेटरचं दार उघडलं, आत हात घातला आणि मला हाक मारली. "मावशी, हा गार कसा?"

मला काय माहीत? मी बाटल्या धुणारी, चौथी शिकलेली. दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही नुकत्याच आलो होतो. मीही हात घातला. खरंच गार होता.

इनक्युबेटर म्हणजे ऊब देणारं कपाट. त्यात बाटल्यांमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या. गुलाबी पाण्यातून त्यांना खाऊ घालायचं. भरपूर वाढल्या की त्यांच्यावर आमचं औषध टाकायचं आणि मरतात का ते बघायचं. आधी लाड, मग खून. कंपनीचा धंदा एवढाच. मॅडमनी तो त्याच वर्षी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका गाळ्यात सुरू केला होता. पूर्वी तिथे कापड रंगवायचे. बोर्डावर कॅन्सर हा शब्द नव्हता, कारण तो ऐकला की कोणी गाळा देईना. शेजारचे आम्हाला खतवाले समजत.

दिवाळीनंतर एका मोठ्या औषध कंपनीचे लोक प्रयोग बघायला येणार होते. पसंत पडलं तर कंपनी चालणार, नाहीतर टाळं. मग या वयात मला कोण कामावर ठेवणार?

मॅडमनी बाटल्या उजेडात धरल्या. गुलाबी पाणी जांभळं झालं होतं. "गेलं सगळं," म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

मी मीटरच्या खोलीत गेले. मेन स्विच बंद, वर झेंडूची माळ. जनरेटरलाही माळ, तोही बंद.

हे गाळामालकाचं काम. बाळारामशेठ शेजारच्या गावचे आगरी. जमीन त्यांची, गाळे त्यांचे, एक किल्लीही त्यांच्याकडे. फोन केला तसे बुलेटवरून आले.

"शेठ, स्विच तुम्ही बंद केलात?" मॅडमनी विचारलं.

"मंग? खंडेनवमीला मशीनला आराम नको? पूजा केली आन झोपवली सगल्यांना. डाईंगवाले होते तवापासून करतो."

"अहो, आतल्या पेशी मेल्या!"

"कसल्या?"

"कॅन्सरच्या."

शेठनी माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. "म्हणजे कॅन्सर मेला ना? मंग रडता कशाला? पेपरात द्या!"

मला हसू आलं. मॅडमना आलं नाही. त्यांनी शेठना सगळं समजावून सांगितलं. शेठ हळूहळू खाली बसले.

कोपऱ्यात दुधाच्या कॅनसारखं, बर्फाहून कितीतरी गार नायट्रोजनचं भांडं होतं. त्यात त्याच पेशी कुप्यांमध्ये गोठवून ठेवलेल्या. ते भांडं विजेवर चालत नाही. शेठनी त्यालाही कुंकू लावलं होतं, पण बटण सापडलं नाही म्हणून ते वाचलं.

मॅडमनी कुप्या काढल्या. पुन्हा लाड सुरू. दिवाळीत आम्ही दोघी गाळ्यातच. शेठची सून करंज्या घेऊन यायची.

"मावशी, बाबांनी विचारलंय, कॅन्सर कसा आहे?"

"बरा आहे. अंग धरतोय."

पाहुणे आले, त्यांनी बघितलं, करार झाला. ते औषध पुढे उंदरांवर चाललं नाही, ही गोष्ट वेगळी. तोवर दुसरं हाती आलं होतं. ते आता हॉस्पिटलात पेशंटवर तपासतायत. मी अजून बाटल्या धुते.

पुढच्या खंडेनवमीला शेठ ताट घेऊन हजर. मॅडम मेन स्विचसमोर खुर्ची टाकून बसलेल्या. "आधी मला ओवाळा," म्हणाल्या. शेठनी ओवाळलं.

कॅन्सर मारायला डोकं लागतं. तो जिवंत ठेवायला मात्र गाळामालकाशी आधी बोलावं लागतं.