मी गाळलेल्या दोन ओळी

मी आज चार ओळी लिहू शकतो ते बस्त्याव सरांमुळे. एका गुरुवारी दुपारी त्यांच्या कंपनीतून फोन आला, सर वारले, स्टोअरमध्येच, काम करता करता. मी शारजात, अल मजाजमधल्या ऑफिसात होतो. "बरं" म्हणून फोन ठेवला आणि समोरचं कोटेशन पूर्ण केलं... सहा आठवडे झाले, अजून रडू आलेलं नाही.

सर वसईचे. पाद्री व्हायचं म्हणून सहा वर्षं सेमिनरीत लॅटिन शिकले, मग ते सोडून दुबईला आले. तिथल्या इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर आणि मी हेल्पर. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. बी.ए.ला बाहेरून बसायचा माझा फॉर्म सरांनीच भरला, निबंध लाल पेनने तपासले.

त्यांची एक वही होती. आठशे वर्षांपूर्वी युरोपातल्या भटक्या विद्यार्थ्यांनी धर्मगुरूंची टर उडवणारी लॅटिन गाणी रचली होती. सर त्यांचं मराठी करत. ही गाणी टिकली कशी, याचं त्यांना फार नवल वाटे. मठातल्याच लोकांनी ती उतरवून घेतली, म्हणायचे. पुढे कुणी त्यांत भक्ती शोधली, कुणी शाळेतल्या मुलांसाठी चावट भाग कापला, कुणी चाली लावल्या. शुक्रवारी जेवणं झाली की सर आम्हाला कामगारांच्या कॅम्पात ती वाचून दाखवत. एका गाण्यात उपासाचं प्रवचन देणारा खादाड मठाधिपती होता. ते ऐकून रत्नागिरीचा वेल्डर इब्राहिम म्हणाला, "सर, हा तर आपल्या कॅम्प बॉसचा सख्खा भाऊ वाटतो." आमच्या खोल्या आणि मेस त्या कॅम्प बॉसच्याच हातात. सगळे पोट धरून हसले. सरांनी तिथल्या तिथे 'मठाधिपती'च्या डोक्यावर 'कॅम्प बॉस' लिहिलं. खालचा शब्द मात्र तसाच राहू दिला.

मी पदवीधर झालो, शारजाला नोकरी लागली. दुबईतल्या ऊद मेथ्यात मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. त्याच्या स्मरणिकेसाठी ते गाणं टाइप करायला सरांनी विश्वासाने वही माझ्याकडे दिली. शेवटच्या दोन ओळी मी गाळल्या. कॅम्प बॉसने वाचलं तर सरांना त्रास होईल, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे खाली माझंही नाव छापून येणार होतं.

अंक बघून सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"ज्यांची टर उडवली त्यांनी हे कुलपात ठेवलं, पण ठेवलं. आणि तू, माझा विद्यार्थी..."

मग त्यांनी चहा मागवला. त्यानंतर चार महिने मी तिकडे फिरकलो नाही. फोन करायचा धीर होईना, म्हणून पत्र टाकलं. इथे पत्र घरी येत नाही, कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये पडतं. ड्रायव्हर आठवड्यातून एकदा ते घेऊन येतो.

सरांचं सामान आवरायला गेलो तेव्हा टेबलावर वही होती, वहीवर लाल पेन. शेजारी टपालाचा गठ्ठा, त्यात माझं पाकीट, न फोडलेलं. मीच ते फोडलं.

"प्रिय सर,

सा. न. त्या दोन ओळी जशा वहीत आहेत तशाच पाठवतोय.

उपास करा पोरांनो, सांगतो कॅम्प बॉस,
ओला आहे अजून त्याच्या दाढीवरचा रस्सा.

काही चुकलं असेल तर लाल पेनने खूण करून परत पाठवा. मी वाट बघतो.

तुमचा विद्यार्थी,
सुभाष"