आधी बघू तरी

"आधी बघू तरी!" म्हणत ती थेट माझ्या ओट्याशी यायची आणि पातेल्यावरचं झाकण उचलायची. अशी एखादी शेजारीण तुम्हालाही ठाऊक असेल. कोयनानगरच्या वसाहतीत आमची भिंतीला भिंत होती. भूकंपाचा बारकासा धक्का बसला की आम्ही सगळे बाहेर पळायचो. ही आधी दूध सांडलं का ते बघायची.

खरं सांगते, मी तिच्यावर जळायचे. तिचं माहेर सांगलीचं, हात सुगरणीचा, आणि नवरा कराडला गेला की गजरा घेऊन येणारा. माझा यायचा तो कांदे घेऊन.

दिवसही आम्हाला एकदमच गेले. ती माहेरी गेली, तिथे सोनोग्राफी केली. बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झाली नव्हती, ते जगणार नव्हतं. गर्भ काढावा लागला. परतली तेव्हा डोळे सुजलेले, तरी मला म्हणाली, "तूबी बघून ये गं. सांगलीला मी येते संगं."

आमच्या दवाखान्यात मशीन नव्हतं, नुसती पाटी होती: गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे. सासूबाईंच्या मते मशीनवर बघणं हाच गुन्हा. "पोलीस धरत्यात. आन् घाटात गाडी हादरती ती येगळीच," त्या म्हणाल्या. "तिचं गेलं, आता तुझं बघवंना तिला." मलाही ते पटलं.

माझी मुलगी दिवस भरून झाली. हृदय नीट घडलेलं नव्हतं. गाडी कराडला पोचायच्या आत ती गेली. "आधी दिसलं असतं तर मोठ्या दवाखान्यात बाळंतपण करता आलं असतं," डॉक्टर म्हणाले.

शेजारीण भेटायला आली. त्या दिवशी तिने एकही झाकण उचललं नाही. तिला बघून माझ्या अंगाची आग झाली. मी कुंच्या शिवत बसले आणि हिला मात्र सगळं वेळेवर कळलं!

"तू सुटलीस बाई," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "पर मी बाळाचं तोंड न्हाई गं बघितलं. धीरच झाला न्हाई. तू बघितलंस. लय जळते मी तुझ्यावर."

पुढे तिच्या नवऱ्याची बदली सांगलीला झाली. सामान टेम्पोत चढलं तरी ती माझ्या ओट्याशीच उभी. "नाक कसं हुतं गं तिचं? सांग की."

मी सांगत गेले. नाक, कान, मिटलेल्या मुठी. सगळं बघून घेणारी ती बाई डोळे घट्ट मिटून ऐकत होती. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.