कोंबड्यासाठी शेजारी विचारायला गेलेल्या सासूबाई

छत्तीसगड वेगळं झालं, नवऱ्याला नव्या राजधानीतल्या एका ऑफिसात नोकरी लागली आणि आम्ही वर्ध्याजवळच्या गावातून रायपूरला आलो. सासूबाईंना एकटं कसं ठेवायचं, म्हणून त्यांनाही आणलं. त्यांना हिंदी येत नव्हती. कोणाशी बोलायच्या नाहीत, फाटकाबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत. मी पंडरीच्या बाजारात कापड घ्यायला चला म्हटलं, तरी "तूच जाऊन ये" म्हणायच्या. त्यांचं मन रमावं म्हणून नवऱ्यानं क्वार्टरच्या मागच्या अंगणात चार कोंबड्या आणून दिल्या.

त्यातली तांबडी एकदा खुडूक झाली. अंड्यांवरून उठेना. सासूबाई तिच्यासमोर पाणी ठेवून म्हणाल्या, "बसून बसून वाळून चालली बिचारी. कोंबड्याबिगर पिल्लू कुठून निघंल?"

"मग आणू ना कोंबडा," मी म्हटलं.

"असा कसा आणतं? भिंतीपल्याड बाळंतीण हाय. पहाटे आरवला तं लेकरू उठंल. आधी इचारा लागते."

मी संध्याकाळी विचारून येते म्हटलं. पण दुपारी बघते तर सासूबाई घरात नाहीत! घाबरून शोधत गेले. त्या शेजारच्या ओसरीवर बसल्या होत्या, मांडीवर ते बाळ. बाळाची आजी त्यांच्याच वयाची, इथलीच. सासूबाई वऱ्हाडीत समजावून राहिल्या होत्या, "आमी कोंबडा आनून राहिलो. बोंबलंल सकाळी. तुमाले चालंल का?" आणि मान उंच करून त्यांनी चक्क आरवून दाखवलं.

ती आजी हसता हसता म्हणाली, "हव, ले आव न दाई! बिन कुकरा के पारा सुन्ना लागथे."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनते?"

"आणा म्हणतात. कोंबड्याशिवाय मोहल्ला सुना वाटतो म्हणे."

"मले वाटलंच," त्या म्हणाल्या, आणि बाळाला थोपटत बसून राहिल्या. घरी चला म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

अभनपूरच्या बाजारातून नवऱ्यानं कोंबडा आणला, स्कूटरवर, पिशवीतून मुंडकं बाहेर काढलेला. कोंबड्यांनी त्याला टोचून टोचून कोपऱ्यात कोंबलं. सासूबाईंनी त्याला डालग्याखाली झाकलं. कोंबड्या येता-जाता बघायच्या, हळूहळू निवळल्या. मग एका संध्याकाळी सासूबाईंनी त्याला खुराड्यात सोडलं. सकाळी सगळी मंडळी एकत्र बाहेर आली. दाणा दिसला की तो कुटकुट करून कोंबड्यांना बोलवायचा, स्वतः खायचा नाही. सासूबाई कौतुकानं मला हाक मारायच्या, "पाय, पाय, कसा सगळ्याइले वाढून राहिला!"

पुढे तांबडी पुन्हा खुडूक झाली. या वेळी पिल्लं निघाली, तेव्हा शेजारची आजी नातवाला कडेवर घेऊन बघायला आली. दोघी खुराड्यापाशी बसल्या. एक छत्तीसगढीत, एक वऱ्हाडीत बोलत होती आणि मला मधे पडायची गरज नव्हती. जाताना आजीनं परसातली चेच नावाची पालेभाजी दिली, ती कशी करायची ते हातवारे करून सांगितलं. त्या रात्री सासूबाईंनी मला चुलीपाशी येऊ दिलं नाही. भाजी थोडी खारट झाली होती. नवरा आणि मी दोघांनी परत मागून घेतली.