नोरीनची स्वस्त गोळी

यॉर्कशरच्या त्या डोंगरउतारावरच्या गावात नोरीन हॉयल एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. दवाखान्याच्या मागच्या खोलीत महिन्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या काढणं हे तिचं काम, पण तेही ती येरझाऱ्या घालतच करायची. पायाला भिंगरीच होती बाईच्या.

एका वर्षी आसपासच्या सगळ्या दवाखान्यांचा औषधखर्च जाहीर झाला आणि तिचा दवाखाना खर्चात पहिला आला. डॉ. क्रॅबट्रींचं तोंड उतरलं. कोलेस्टेरॉलची महागडी गोळी ते सढळ हाताने लिहीत होते. तेच काम करणारी दुसरी गोळी चवलीपावलीत मिळत होती. ती बदलायची ठरलं. पेशंटना फोन करून पटवण्याचं काम नोरीनने ओढूनच घेतलं.

“पोटात गेल्यावर रंग कोण बघतंय, मिसेस ग्रीनहाल्श?”

“पण पाय दुखतात गं नव्या गोळीने.”

“पाय माझेही दुखतात. मी कुठे काय घेते?”

ग्रीनहाल्शबाई भांडल्या, त्यांना जुनी गोळी परत मिळाली. पण भांडणारे दोनचारच. बाकीच्यांची जातच अशी, की पाय मोडला तरी “तक्रार नाही” म्हणतील. ते “बरं” म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

खर्च धाडकन खाली आला. डॉक्टरांनी केक आणला. नोरीनने एक तुकडा रुमालात बांधून नवऱ्यासाठी नेला. ऑल्विनला दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला होता. त्याचीही गोळी तिने बदलली होती.

वसंतात डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. “ऑल्विनचं कोलेस्टेरॉल पुन्हा चढलंय. गोळी घेतोय ना?”

“म्हणजे काय, डॉक्टर! चिठ्ठी मीच काढते की.”

पण म्हणता म्हणताच तिला ग्रीनहाल्शबाईंचे दुखरे पाय आठवले. ती तशीच चढ चढून घरी गेली. ऑल्विन मागच्या दारात बटाटे सोलत होता.

“गोळ्या घेतोस का रे?”

त्याने सुरी खाली ठेवली. “सोडल्यात. मांड्या इतक्या भरून यायच्या, जिना चढवेना.”

“कधीपासून?”

“नाताळच्या आधीपासून.”

“आणि मला सांगता आलं नाही?”

“केक घेऊन आलीस ना, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. पण तू इतकी खूश होतीस.”

“मेल्या, मेला असतास ना!” ती किंचाळली आणि दारावरचं फडकं त्याच्या अंगावर फेकून रडायला लागली. तिला त्याचा राग आला होताच. स्वतःचा त्याहून जास्त आला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ऑल्विनची जुनी गोळी चालू केली. खर्च वाढेल, हा विषय त्यांनी काढलाही नाही. नोरीनने पुन्हा फोन हातात घेतला. कुरकुर केलेल्यांना नाही. “बरं” म्हणून गप्प बसलेल्यांना लावायचा होता. पहिला लागला चढावरच्या ऐंशी वर्षांच्या विल्फ्रेड ऑग्डनला.

“झकास आहे सगळं,” म्हातारा म्हणाला. “तक्रार नाही.”

“विल्फ्रेड, खरं सांगा. ती नवी गोळी घेता का?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हाताऱ्याने हळूच विचारलं, “तू रागावणार नाहीस ना?”