ईरण्णाच्या चित्रांचे डोळे

सास्तुरात एखाद्या घरी लग्न ठरलं, की मांडवाच्या मेढी रोवण्याआधी ईरण्णाला बोलावणं जायचं. दाराच्या दोन्ही बाजूंची भिंत चुन्यानं पांढरी करून तिच्यावर तो हत्ती, मोर, भालदार-चोपदार काढी. इतर चिताऱ्यांचा हत्ती हत्तीसारखा असे. ईरण्णाच्या हत्तीला माशाची शेपटी असायची, मोराला हरणाची शिंगं फुटायची, आणि भालदाराच्या मिशा इतक्या लांब, की त्यांच्यावर पोपट झोके घ्यायचे. वऱ्हाडातली म्हातारी माणसं आधी हसत, मग जवळ जाऊन निरखून बघत.

एक रीत मात्र तो कधी मोडत नसे. चित्र पुरं झालं तरी डोळ्यांच्या जागी तो नुसते पांढरे गोल ठेवी. हळदीच्या दिवशी त्या घरातलं वडीलधारं माणूस काजळात बोट बुडवून त्या गोलांत बुबुळं टेकवी. त्याला डोळे उघडणं म्हणत. ही शिस्त त्याच्या आईची, रुद्रम्माची. पंचमीला ती भिंतीवर नाग काढायची, आणि तिचं बघूनच त्यानं हातात काडी धरली होती. ती म्हणे, "हात आपला, पण घर त्येंचं. नजर घरवाल्यानंच द्यावी."

सत्तेचाळीस साली पलीकडच्या मुलखात तिरंगा चढला. सास्तुरावर अजून निजामाचा अंमल होता, आणि इथं तो झेंडा घरात सापडला तरी माणूस गजाआड जाई. त्या हिवाळ्यात बंडप्पाच्या लेकीच्या लग्नात ईरण्णानं हत्तीच्या अंबारीवर एवढासा तिरंगा काढला. हळदीला बंडप्पानं हत्तीचे डोळे उघडले, झेंडा पाहिला आणि काजळाचं बोट धोतराला पुसलं.

पंगती चालू असतानाच ठाण्यावरचे जवान चिताऱ्याची चौकशी करत आले.

"चितारी व्हय? त्यो सकाळीच माकणीकडं गेला की," बंडप्पा म्हणाला. तेव्हा ईरण्णा डोक्याला उपरणं गुंडाळून त्याच मांडवात वाढत होता. त्यानं जवानांनाही बुंदी वाढली.

जवान माकणीच्या वाटेला लागले आणि इकडं ईरण्णाच्या घरी गठुडं बांधलं गेलं. बायको शिवगंगा तयार होती. रुद्रम्मा उंबऱ्यावरून हलेना.

"तुमी जावा. म्या आले तर ह्या घराला कोण हाय? कुणी इचारलं तर सांगीन, लेक देवाला गेलाय."

"कंच्या देवाला म्हनून इचारतील, अव्वा."

"सिद्धरामाला. त्यो सोलापुरात हाय का न्हाय? मग ह्यात खोटं काय?"

सोलापूर फार लांब नव्हतं, पण तो परमुलूख होता. मध्ये जकातीचं नाकं होतं. खिशातला निजामाचा हाली पैसा तिथं कुणी घेईना, आणि गल्लीतली माणसं निजामाच्या मुलखातल्या ह्या जोडप्याला "मोगलाईतले" म्हणत. गुंडप्पा नावाच्या एका माणसाचा छापखाना होता. लग्नपत्रिकांबरोबर तो पोरांसाठी राक्षस-पऱ्यांच्या गोष्टींची पुस्तकं काढायचा. त्यानं ईरण्णाला कागद दिला आणि म्हणाला, "राक्षस काढ बघू."

ईरण्णानं काढला. नांगराच्या फाळासारखे दात, कानांच्या जागी सुपं, आणि खांद्यावर ऐटीत ठेवलेली बंदूक.

"असले राक्षस तुझ्या गावात हायत काय रे?"

"हायत की. न्हायतर इथं कशाला आलो असतो?"

गुंडप्पा पोट धरून हसला आणि त्याला कामावर ठेवलं.

पहिल्याच पुस्तकात घोळ झाला. पंखांची कासवं, सात तोंडांचा मासा, ढगावर शेती करणारी म्हातारी, सगळं ईरण्णानं जीव लावून काढलं आणि गठ्ठा मालकाच्या टेबलावर ठेवला. गुंडप्पानं घाईत तो तसाच ठसे करायला पाठवला. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकालाही बुबुळ नव्हतं.

"अरे, सगळं पुस्तक आंधळं केलंस की!" गुंडप्पा ओरडला.

ईरण्णाच चकित झाला. "मालक, तुमी डोळे उघडले न्हाईत?"

"म्या?"

"छापखाना तुमचा. नजर तुमीच द्यायची. आमच्याकडं तसंच असतं."

गुंडप्पानं कपाळावर हात मारला. पण ईरण्णा ऐकेना. शेवटी रोज संध्याकाळी मालक पुटपुटत टाक उचलू लागला. त्याचा हात काही चिताऱ्याचा नव्हता. बुबुळं नाकाकडं सरकत आणि सगळे राक्षस तिरळे होत. आंधळ्या राक्षसांना बघून पोरं रडली होती, ह्या तिरळ्यांना बघून खिदळू लागली. पुस्तकं खपली.

छापखान्याला सुट्टी असली की ईरण्णा आपलं चित्र काढायला बसे. भाड्याच्या खोलीत त्यानं मांजरपाट ताणून बांधला होता. रंग म्हणजे गेरू, चुना आणि डब्यांच्या तळाशी उरलेली छपाईची शाई. ह्या चित्रात पंख नव्हते, शिंगं नव्हती. सास्तूरचं घर, बाजूचा लिंब, उंबरा आणि दारात रुद्रम्मा. सात तोंडांचा मासा ज्याला एका दमात जमे, त्याला आई कशी उभी राहते ते जमेना. त्यानं कितीदा तरी ती पुसली.

"आत्याबाई दाराला टेकून उभ्या ऱ्हात न्हाईत," शिवगंगा चुलीजवळून म्हणाली. "कमरंवर हात असतो."

"दोन्ही?"

"भांडायचं असलं की दोन्ही."

त्यानं एकच ठेवला, आणि रुद्रम्मा उभी राहिली. डोळ्यांचे गोल तेवढे पांढरे. गावाकडची खबर महिनोन् महिने येत नव्हती. कोणाचं घर जळालं, कोण उठून गेलं, असल्या वावड्या नाक्यावरून येत. ईरण्णा त्या ऐकून घेई आणि घरी येऊन म्हणे, "हे डोळे अव्वाच उघडंल." शिवगंगाही मान हलवी. ह्या एका गोष्टीवर दोघांनी ते वर्ष रेटलं.

पावसाळ्यात ईरण्णा तापानं पडला तेव्हा गुंडप्पा चौकशीला खोलीवर आला. भिंतीवरचं कापड बघून तो बसायचंच विसरला.

"दिवाळीचं कॅलेंडर काढतो ह्याचं. खाली तुझं नाव घालतो. डोळे तेवढे काढ."

"न्हाय मालक. घर तिचं हाय, डोळे तीच उघडंल."

"ती बसलीय मोगलाईत. टाक आण इकडं, बुबुळं म्या घालतो. रोज घालतोच की."

ईरण्णा अंथरुणातून उठला आणि कापडाच्या गाठी सोडू लागला. "राक्षस तुमचे, मालक. ही माझी अव्वा हाय."

"चितारी पायलीचे पन्नास मिळत्यात, ध्यानात ठेव."

"मिळत्यात. त्येंच्याकडनं त्येंच्या आया काढून घ्या."

ताप उतरल्यावर ईरण्णा छापखाना सुटल्यानं गिरणीत सुताचे गठ्ठे वाहायला लागला. शिवगंगेला तो भीतभीतच म्हणाला, "चुकलं का गं माझं?"

"काय चुकलं? तिरळ्या आत्याबाई म्या घरात ठेवल्या नसत्या."

त्याच भाद्रपदात हिंदुस्थानच्या फौजा हद्द ओलांडून आत गेल्या आणि निजामाचा अंमल संपला. नाकं उठल्याचं कळताच दोघं निघाली. लॉरीच्या अड्ड्यावर गुंडप्पा उभा. त्यानं ईरण्णाच्या हातात काळ्या शाईचा डबा कोंबला. "तुझ्या अव्वाला म्हणावं, शाई माझी," एवढं बोलून तो वळला.

पुढं बैलगाडी मिळाली. गाव जवळ आलं तसा ईरण्णा गाडीत उठून उभा राहिला. कापडाची गुंडाळी त्यानं छातीशी धरली होती. लिंब दिसला. गोठ्याचं छप्पर नव्हतं. दारात रुद्रम्मा होती, वाळलेली, दोन्ही हात कमरेवर.

"आला व्हय देवाला जाऊन? परसाद कुठाय?"

शिवगंगेला रडताना हसू फुटलं. ईरण्णानं अंगणातच कापड पसरलं. रुद्रम्मा वाकून बराच वेळ बघत राहिली. त्यानं शाईचा डबा पुढं केला.

"छापखान्याची शाई डोळ्यात घालत्यात व्हय? काजळ आण."

शिवगंगेनं काजळ आणलं. म्हातारीनं बोट बुडवलं, कापडाजवळ नेलं आणि मागं घेतलं.

"सवताचे डोळे सवता उघडता येत न्हाईत, पोरा. तू उघड."

"अव्वा, तुझ्यासाठी राखून ठेवलंय. मालकाला न्हाय दिलं, नोकरी गेली माझी."

"बरं झालं. पर म्या मेल्यावर डोळे मिटणार कोण? तूच न्हवं? मग उघडाय काय झालं? ह्या घराचा घरवाला आता तू हाईस."

तो 'न्हाय' म्हणाला. तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याचं बोट काजळात बुडवलं. आजवर त्यानं पांढरे गोल शेकड्यांनी सोडले होते. बुबुळ असं त्याच्या हातून एकही उतरलं नव्हतं. उजवं नीट बसलं. डाव्यात काजळ जास्त उतरलं.

"डावा मोठा झाला," रुद्रम्मा म्हणाली.

"पुसतो."

"ऱ्हाऊ दे. त्या डोळ्यानं वाटंकडं लई बघितलंय."

गाडी आल्याचं कळून बंडप्पा धापा टाकत आला. त्याच्या दाराजवळची भिंत तेव्हापासून कोरी होती. जवानांनी त्याच्याकडूनच तिच्यावर चुना मारून घेतला होता. ईरण्णानं हात धुतले नाहीत. कोनाड्यातली काडी आणि रंगांची भांडी घेऊन तो बंडप्पाबरोबर निघाला. सांजेला हत्ती उभा राहिला, माशाच्या शेपटीसकट, आणि ह्या खेपेला अंबारीवरचा तिरंगा पार वेशीतून दिसत होता.