आईचं सोवळं आणि रेहाना

रेहाना गेल्याचं आईनं मला फोनवर सांगितलं. मी हिंगोलीत खोलीवर पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. कावीळ अंगात भिनली होती, नांदेडला नेईपर्यंत सगळं संपलं, एवढंच आई बोलू शकली आणि मग नुसती रडत राहिली. माझ्यासाठी ती असं कधी रडली नव्हती, हे मला त्याच क्षणी आठवलं... मैत्रीण गेल्याचं दुःख नंतर आलं. आधी मत्सर आला, आणि तो अजून गेलेला नाही.

शिरड शहापूरला आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे मी पुस्तिका आणि पत्रकं वाचत वाढले, ती शिलाई मशीनवर बसून गावाचे ब्लाउज शिवू लागली. माझं पहिलं पत्रक 'सोवळं' या शब्दाविरुद्ध होतं. देवीचा स्वयंपाक करणारी बाई सोवळी, केस काढून कोपऱ्यात बसवलेली विधवाही सोवळी, आणि कुणी जरा ताठ चाललं की "मोठी सोवळी आली" हा टोमणा. तिन्हीकडे अर्थ एकच, लांब राहा. हा शब्द बोलण्यातून हद्दपार करा, असं मी लिहिलं होतं. आजही लिहीन. रेहानानं ते पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि त्याच कागदावर कुणाच्या तरी ब्लाउजचा गळा आखला.

एका वर्षी उभ्या महालक्ष्म्यांना साडी नेसवणं आईच्या सुजलेल्या बोटांना जमेना. मी मदतीला गेले, तर उंबऱ्यावरच तिनं विचारलं, सोवळ्यात हायेस ना? म्हणजे न्हालीस का, आणि पाळी तर नाही ना. या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. पाळी असो वा नसो, देत नाही. आईनं हात आडवा केला. आत निऱ्या सुटत होत्या, आरतीला बाया यायच्या होत्या. शेवटी तिनं भिंतीवरून रेहानाला हाक मारली. ती सुईदोरा घेऊन आली, उंबऱ्यापाशी थांबली आणि आपणहून म्हणाली, "काकू, आत्ताच हातपाय धुऊन, वजू करून नमाज पढले. पाक हाये मी."

आई दारातून बाजूला झाली. "मंग तू तर आमच्याहून सोवळी. ये आत."

पुढे दरवर्षी तसंच. ती उंबऱ्यावर पाक म्हणायची, आई सोवळी म्हणायची, दोघी हसायच्या आणि मी बाहेर. तिच्या भावांनी बोल लावले, तेव्हा तिनं त्यांना ऐकवलं की साडी नेसवून राहिले, पूजा थोडीच करून राहिले. मीही तिला सुनावलं. तू आत गेल्यानं सोवळ्याची रेघ पुसली नाही, तुला आत घेऊन ती पुन्हा ओढली गेली. दातांत धरलेली सुई न काढता ती म्हणाली, "तू भाईर उभी ऱ्हाऊन भाषण दे माय, मला आत काम हाय." मग सुई काढून जरा शांतपणे बोलली, "मी अल्लासमोर उभं ऱ्हायचं म्हणून पाक होते. काकूंच्या उंबऱ्यासाठी न्हाई." मी म्हटलं, पण ओलांडतेस तो काकूंचाच उंबरा ना? त्यावर ती फक्त हसली. ते हसू मला अजून खोडता आलेलं नाही.

यंदा ती जाऊन काही आठवडे झाले आणि महालक्ष्म्या आल्या. मी घरी गेले. मुखवटे बसवून झाले होते, आई आत एकटीच होती. या वेळी तिचा आवाज मऊ होता. "यंदा तरी सांग... सोवळ्यात हायेस का?" मला रेहानाची जागा हवी होती. एक "हो" म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं. मी ते म्हटलं नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

आईनं ट्रंक उघडली. सणानंतर देवीच्या साड्या घरच्या बायका नेसतात, पण गेल्या वर्षीच्या दोन्ही साड्या तिनं नेसल्याच नव्हत्या. निऱ्या सुटू नयेत म्हणून रेहानानं घातलेले टाके न उसवता घड्या घालून ठेवल्या होत्या. आईनं त्याच पुन्हा महालक्ष्म्यांच्या कमरेला नुसत्या गुंडाळल्या आणि सगळ्या निऱ्या एकसारख्या खाली उतरल्या. एका निरीवर, टाका असेल तिथं बोट ठेवून ती पुटपुटली, "तिच्या हातचं हाय. सोवळंच हाय." ती माझ्याशी बोलत नव्हती.

उंबऱ्याबाहेरून ते टाके दिसत नाहीत, निऱ्या तेवढ्या दिसतात. त्या शब्दाविरुद्ध मी पुन्हा लिहीन. पण आईनं तो एकदा माझ्यासाठी उच्चारावा असं मला वाटतं, आणि ती जागा रेहानानं अडवून ठेवली आहे... गेली तरी.